लायलॅक मूळचे कुठले?

युरोप-अमेरिकेत सप्टेंबर सरत आला की मेपलची झाडे लाल-केशरी होतात आणि लोक ती पाहायला गाड्या काढून जातात. त्याच दिवसांत घराघरांच्या कुंपणाशी उभे असलेले एक झुडूप कसलाही देखावा न करता पाने गाळून मोकळे होते. त्याची पाने शेवटपर्यंत बहुधा हिरवीच असतात, फार तर मळकट पिवळी होतात. नोव्हेंबरात उरतो तो करड्या काटक्यांचा भारा आणि टोकांना वाळलेल्या बोंडांचे तपकिरी घोस. नवख्या माणसाला वाटते, हे मेले. मे महिन्यात हेच झुडूप जांभळ्या तुऱ्यांनी लगडते आणि त्याचा वास अख्ख्या गल्लीत पसरतो. इंग्रजीत त्याला लायलॅक म्हणतात, फ्रेंचमध्ये लिला, तुर्कीत लेलाक, अरबीत लैलक.

या झुडपावर लिहिण्याचे कारण त्याच्या नावात आहे. नाव फारसी, युरोपात प्रवेश तुर्कस्तानातून, म्हणून युरोपाने त्याला जवळजवळ तीनशे वर्षे पूर्वेकडचे परदेशी मानले. नंतर कळले की ते युरोपातल्याच डोंगरांतले आहे. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न ज्यांना वारंवार विचारला जातो, त्या आपल्यासारख्या वाचकांना ही हकीकत माहीत असावी असे मला वाटते. आणि हकीकत नीट समजायची तर आधी झुडूप ओळखता यायला हवे. तेही फुलांच्या भरात नव्हे, पानगळीत. कारण फुलांत कोणीही ओळखेल.

पानगळीतली ओळख

आपल्याकडे पानगळ शिशिरात होते, थंड देशांत ती शरदात सुरू होते. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना घराबरोबर अंगणातली जुनी झुडपेही मिळतात. घर ऑक्टोबरात ताब्यात आले असेल तर ही कोणती, हे सांगायला फूल नसते. अशा वेळी चार खुणा पाहाव्यात.

पहिली खूण पान. गळायच्या आधी ते हृदयाच्या आकाराचे, गुळगुळीत, कडा न कातरलेले, साधारण ५ ते १२ सेंटिमीटर लांब असते. पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांवर बऱ्याचदा पांढरी पूड फासल्यासारखी दिसते. आपले द्राक्षबागायतदार जिला भुरी म्हणतात, तशीच ही बुरशी.

दुसरी आणि सर्वांत भरवशाची खूण फांदीच्या शेंड्याला असते. बहुतेक झुडपांच्या शेंड्यावर एकच कळी असते. लायलॅकच्या शेंड्यावर दोन टपोऱ्या कळ्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात, हिरव्या किंवा तांबूस-जांभळट. पाने गळाल्यावर ही जोडी लांबूनही दिसते.

तिसरी खूण वाळलेली बोंडे. ती चपटी, टोकदार, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची असतात आणि उकलून त्यांचे दोन भाग होतात. आत पापुद्र्यासारखे पंख असलेले बी असते. दोन भाग का मोजायचे? कारण बागेत याच उंचीचे, पांढऱ्या सुवासिक फुलांचे मॉक ऑरेंज नावाचे दुसरे झुडूप असते आणि त्याचे बोंड चार भागांत उकलते. शिवाय त्याच्या कळ्या पानाच्या वणाखाली दडलेल्या असतात, हिवाळ्यात दिसतच नाहीत. कुंपणाला लावतात त्या प्रिव्हेटची पाने बारीक असतात आणि फळे काळी, मण्यांसारखी.

चौथी खूण बुंधा. जुन्या लायलॅकला एकच खोड क्वचित असते. मुळांतून फुटवे येत राहतात आणि झुडूप तीन ते सहा मीटर उंच, आडवेही तेवढेच पसरते.

आता जरा नातेसंबंध पाहू. लायलॅक ऑलिव्हच्या म्हणजे जैतूनच्या कुळातले. मोगरा, जाई, जुई याच कुळातल्या. आपला प्राजक्तही याच कुळातला. जैतूनची कसम कुरआनात आहे आणि प्राजक्त पुराणकथेत. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी दोघांची खानेसुमारी एकाच घरात होते. लायलॅक त्यांचाच थंड मुलखातला भाऊबंद.

निळीपासून निघालेले नाव

संस्कृतात नील, मराठीत नीळ, फारसीतही नील. कपड्यांना घालायची नीळ भारतातून पश्चिमेला गेली आणि तिच्याबरोबर शब्दही गेला. अरबी ‘अन्-नील’वरून पोर्तुगीजांनी ‘अनिल’ केले. फारसीत याच नीलपासून ‘नीलक’ म्हणजे निळसर असा शब्द झाला. बोलताना ‘न’चा ‘ल’ होऊन ‘लीलक’ झाला. तो अरबीत गेला, तुर्कीत गेला आणि एका निळसर-जांभळ्या फुलाला चिकटला. म्हणजे लंडनमधली बाई दुकानात लायलॅक रंगाचा रुमाल मागते तेव्हा तिच्या तोंडात आपल्या निळीचाच शब्द असतो, वाटेत दोन-तीन मुलुखांचे पाणी प्यालेला.

हे नाव युरोपात पोहोचले ते १६व्या शतकात. १५५४ ते १५६२ या काळात ओजिए गिजलेन द बूस्बेक नावाचा फ्लेमिश गृहस्थ हॅब्सबर्ग घराण्याचा राजदूत म्हणून सुलतान सुलेमानच्या दरबारी होता. त्याने लिहिलेली तुर्की पत्रे प्रसिद्ध आहेत. उस्मानी लोकांचे फुलांचे वेड पाहून तो चकित झाला होता. तिथल्या बागांतली रोपे, कंद आणि बियाणे त्याने युरोपला पोहोचवले. ट्यूलिपच्या युरोपातल्या कहाणीत त्याचे नाव येते ते यामुळेच. लायलॅकही त्याच्याच हातून व्हिएन्नाला पोहोचले. त्यानंतर पिएत्रो आंद्रेआ मात्तिओली या इटालियन वैद्याने १५६५ साली औषधी वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात लायलॅकचे चित्र छापले.

याच बूस्बेकने इस्तंबूलमध्ये एक जुने हस्तलिखित पाहिले होते. इसवी सन ५१२च्या सुमाराचे, ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझच्या वनस्पतीग्रंथाची ही चित्रमय प्रत. सुलतानाच्या यहुदी हकिमाच्या मुलाकडे ती होती. पुढे १५६९ मध्ये ती व्हिएन्नाच्या बादशहाने विकत घेतली आणि आजही ती त्या शहरातल्या ग्रंथालयात आहे. या प्रतीत ग्रीक नावांच्या बाजूला नंतरच्या वाचकांनी अरबीत आणि इतर लिपींत नावे लिहून ठेवली आहेत. झाड एक, पान एक, नावे तीन-चार. ज्यांनी ती लिहिली त्यांना वैद्यकी करायची होती. समोरच्या माणसाच्या जुबानीत झाडाला काय म्हणतात हे कळले पाहिजे, एवढीच त्यांची गरज. नावावरून भांडण नंतरच्या माणसांनी काढले.

व्हिएन्नाहून लायलॅक पश्चिमेकडे सरकले. १५९७ साली इंग्लंडमध्ये जॉन जेरार्डने आपल्या वनस्पतीकोशात त्याची नोंद केली. चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाल्यावर १६५० मध्ये पार्लमेंटच्या माणसांनी नॉनसच राजवाड्याची मोजदाद केली, तेव्हा कारंज्याभोवती लायलॅकची सहा झाडे असल्याची आणि त्यांना फळ धरत नाही, फक्त छान फूल येते अशी नोंद झाली. तिथून ते वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेला गेले. टॉमस जेफरसनने १७६७ साली आपल्या बागेत ते लावल्याचे लिहून ठेवले आहे. १९१९ मध्ये न्यू हॅम्पशायर या राज्याने जांभळ्या लायलॅकला राज्यपुष्प केले. उस्मानी बागेतून निघालेले झुडूप साडेतीनशे वर्षांत अमेरिकेतल्या एका राज्याची निशाणी झाले. गावोगावी ते पसरले ते मुख्यतः फुटव्यांवर. शेजारणीने मुळाशी आलेला फुटवा खणून द्यायचा, बाईने तो दाराशी लावायचा. न्यू इंग्लंडच्या रानांत आजही ओसाड शेतघरांच्या पायाचे दगड दिसतात. घर गेलेले असते, माणसे गेलेली असतात, पण दाराजवळचे लायलॅक दर मेमध्ये फुलते.

चार झाडे, चार चुकीचे पत्ते

एवढ्या काळात लायलॅकचे घर पूर्वेकडे, इराणच्या दिशेला आहे हीच समजूत कायम होती. नाव फारसी, दिले तुर्कांनी, मग ते दुसरे कुठले असणार? १९व्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ बाल्कन प्रदेशातल्या खडकाळ, चुनखडीच्या डोंगरउतारांवर फिरले तेव्हा त्यांना ते रानात, कोणी न लावलेले, मोठ्या संख्येने वाढलेले सापडले. आजच्या रुमानिया, सर्बिया, बल्गेरिया, अल्बानिया या भागांतले. म्हणजे व्हिएन्नाला जे झुडूप इस्तंबूलहून आणावे लागले, त्याचे रान व्हिएन्नाला इस्तंबूलपेक्षा जवळ होते. ते डोंगर तेव्हा उस्मानी राज्यात होते. तिथून ते राजधानीच्या बागांत गेले, तिथे त्याला फारसी नाव मिळाले, आणि नाव घेऊन ते युरोपात परतले तेव्हा घरच्यांनी त्याला पाहुणा म्हटले.

याच घराण्यातले दुसरे झुडूप म्हणजे पर्शियन लायलॅक. अंगाने लहान, पाने अरुंद. इराणात आणि भारतात ते पूर्वापार बागांत लावले जाते, म्हणून कार्ल लिनियसने १७५३ साली त्याच्या शास्त्रीय नावात पर्शिया घातला. पण इराणच्या रानात ते सापडत नाही. त्याचे जवळचे नातलग चीनमध्ये आहेत.

तिसरे तर आणखी मजेचे. १७७७च्या सुमारास फ्रान्सच्या रुआँ शहरातल्या वनस्पती उद्यानात साधे लायलॅक आणि पर्शियन लायलॅक यांच्या संकरातून एक नवे झुडूप जन्मले. हे चीनहून आले असावे अशा समजुतीने त्याला शास्त्रीय नाव मिळाले ‘चिनेन्सिस’, चिनी. जन्म फ्रान्सचा, नाव चीनचे. शास्त्राच्या नियमानुसार आधी दिलेले नाव सहजासहजी बदलत नाही, म्हणून ते आजही चिनीच.

चौथे उदाहरण आपल्या अंगणातले. बकाण किंवा बकाणनीम नावाचे कडुलिंबासारखे झाड महाराष्ट्रात रस्त्याकडेला दिसते. जांभळट फुलांमुळे इंग्रजीत त्यालाही पर्शियन लायलॅक म्हणतात. ते लायलॅकच्या कुळातलेही नाही आणि पर्शियाचेही नाही, ते भारतीय उपखंडात रुजलेलेच झाड. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘अझेडराक’ हा शब्द फारसी ‘आझाद दरख्त’वरून आला. इथे थोडे थांबावे, कारण कडुलिंबाचे शास्त्रीय नाव ‘अझाडिराक्टा इंडिका’ हेही त्याच आझाद दरख्तवरून आले आहे. गुढीला जी डहाळी बांधतात, पाडव्याला जिची पाने खातात, त्या झाडाचे जगभरातले दप्तरी नाव फारसी आहे. त्यावरून कोणी कडुलिंबाला इराणचा ठरवत नाही, आणि ते योग्यच आहे.

मला या चार उदाहरणांतून एक साधी गोष्ट दिसते. नाव हे प्रवासाची पावती असते. कोणत्या वाटेने आले, कोणाच्या हातून आले, कोणत्या दरबाराची भाषा तेव्हा चालत होती, हे नावावरून कळते. मूळ कुठल्या मातीत आहे हे कळत नाही. त्यासाठी डोंगरावर जाऊन मूळच पाहावे लागते.

त्याच डोंगरांतली माणसे

ज्या डोंगरांत लायलॅक रानटी वाढते, त्याच प्रदेशात ही चूक माणसांबाबतही झाली, आणि ती महागात पडली.

सर्बियात इबार नदीच्या खोऱ्याला लायलॅकचे खोरे म्हणतात. १३व्या शतकात राजा उरोश याने परदेशातून येणाऱ्या आपल्या राणीसाठी, हेलेनसाठी, वाटेवर लायलॅक लावले अशी आख्यायिका आहे. सर्बियन भाषेत या झुडपाला ‘योर्गोवान’ म्हणतात. हा शब्द तुर्की ‘एर्गुवान’वरून आणि तो फारसी ‘अर्गवान’वरून आलेला. काबुलजवळच्या ज्या अर्गवानांच्या बहराचे वर्णन बाबराने आत्मचरित्रात केले आहे, तोच हा शब्द. सर्बियाची सर्वांत लाडकी प्रेमकथा सांगायची तरी तोंडात फारसी शब्द येतो. त्याने कथेचे काही बिघडत नाही.

शेजारच्या बोस्नियात १४६३ मध्ये उस्मानी सत्ता आली. पुढच्या शतकांत तिथल्या अनेक स्लाव्ह कुटुंबांनी इस्लाम स्वीकारला. त्यांची नावे मुस्तफा, अमिना, हसन अशी झाली. भाषा तीच राहिली, गावे तीच, शेते तीच. शेजारचा सर्ब आणि हा बोस्नियाक एकमेकांशी दुभाष्याशिवाय बोलतात. तरीही १९९०च्या दशकातल्या युद्धात त्यांना तुर्क ठरवले गेले. ११ जुलै १९९५ला स्रेब्रेनिका शहरात शिरलेल्या सर्ब फौजेचा सेनापती रात्को म्लादिच कॅमेऱ्यासमोर म्हणाला की आता इथल्या तुर्कांचा सूड घ्यायची वेळ आली आहे. त्यानंतरच्या काही दिवसांत ८ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये तो वंशसंहार असल्याचा निर्वाळा दिला. म्लादिचला २०१७ मध्ये जन्मठेप झाली. मारल्या गेलेल्यांत तुर्कस्तानातून आलेले कोण होते? ते त्याच डोंगरांतले होते. नावावरून पत्ता ठरवण्याची खोड बागेत असते तोवर हसण्यावारी नेता येते. हातात बंदूक असलेल्याला ती जडली की काय होते, हे स्रेब्रेनिकाच्या कबरींवर लिहिलेले आहे.

आपली नावे

महाराष्ट्रात या प्रश्नाचे रूप सौम्य असते, पण असते. नाव सांगितले की पुढचा प्रश्न येतो, ‘मराठी छान बोलता, मूळचे कुठले?’ विचारणारा बहुतेक वेळा भला माणूस असतो. त्याला सातारा, मिरज, औसा, रत्नागिरी हे उत्तर अपुरे वाटते. त्याच्या मनात कुठला तरी दूरचा मुलूख असतो.

आता नावांचाच हिशेब करायचा तर पुरता करावा. फळे-भाजी विकणारा बागवान समाज घ्या. बागवान म्हणजे फारसी बागबान, माळी. नाव फारसी, पण सोलापूर-कोल्हापूरच्या मंडईत त्याची जी मराठी चालते तिच्यात सौदा करताना भल्याभल्यांची फे फे उडते. मुसलमानांत पाटील आहेत, देशमुख आहेत. उलट चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस ही आडनावे पाहा. त्यांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. पेशवा हा शब्द फारसी. या आडनावांच्या माणसांना कोणी इराणातल्या गावाचे नाव विचारत नाही. विचारूही नये. दरबाराची भाषा फारसी होती, हुद्द्याचे नाव आडनाव झाले, इतकाच त्याचा अर्थ. तोच अर्थ बागवान, अत्तार, शिकलगार, इनामदार यांनाही लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. दरबारातल्या सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. राज्यकर्त्याला आपली राजभाषा घडवायचा अधिकार असतो. पण शेतात आणि बागेत शब्दांनी आपली वाट धरली. बाग, बगीचा, गुलाब, हौद हे राहिले. आंब्याचे कलम बांधणारा कोकणी शेतकरी ‘कलम’ हा अरबी शब्द वापरतो आणि त्याला तो आपलाच वाटतो. तो आहेही त्याचाच. कलमाचा शब्द परका म्हणून आंबा परका होत नाही.

लायलॅकच्या बाबतीतही पुढची हकीकत कलमांची आणि संकराचीच आहे. फ्रान्समधल्या नान्सी शहरात व्हिक्टर लेमॉयन हा रोपवाटिकावाला होता. १८७० मध्ये जर्मन फौजा शहरात असताना त्याने लायलॅकच्या संकराचे काम हाती घेतले. त्याची नजर अधू झाली होती, म्हणून शिडीवर चढून फुलांतल्या परागांचे बारीक काम त्याची बायको करायची. एका बाजूला बाल्कनचे लायलॅक, दुसऱ्या बाजूला चीनहून आलेले त्याचे नातलग. या घराण्याने पुढे वाढवलेल्या दुहेरी पाकळ्यांच्या जाती जगभर फ्रेंच लायलॅक म्हणून विकल्या गेल्या. त्यातली ‘मादाम लेमॉयन’ ही शुभ्र जात अजूनही लावतात. आज ज्या लायलॅकचे कौतुक होते त्यात असे दूरदूरचे रक्त आहे.

कात्री कधी उचलावी

आता जपणुकीचे. महाराष्ट्रातल्या माणसाला ऑक्टोबर म्हणजे छाटणी असे समीकरण ठाऊक असते. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाची फळछाटणी याच सुमारास होते, गुलाबही आपण पावसाळा संपल्यावर छाटतो. म्हणून थंड देशात गेलेल्या आपल्या माणसाचा हात लायलॅकची वाळकी दिसणारी काटकी पाहून कात्रीकडे जातो. इथेच नुकसान होते. पुढच्या वसंतात येणारे फूल लायलॅकने आदल्या उन्हाळ्यातच कळीत भरून ठेवलेले असते. शेंड्यावरची ती टपोरी जोडी म्हणजे मेमधला तुरा. ऑक्टोबरात शेंडे सारखे केले की झुडूप नीटनेटके दिसते आणि वसंतात एकही फूल येत नाही. दोष मग झुडपाला दिला जातो.

लायलॅकची छाटणी फुले ओसरल्याबरोबर, दोन-तीन आठवड्यांत उरकावी. फार जुने, वर उंच जाऊन फक्त टोकाला फुलणारे झुडूप असेल तर त्यातली सर्वांत जुनी एक तृतीयांश खोडे त्या वर्षी जमिनीलगत कापावीत, पुढच्या वर्षी तेवढीच, तिसऱ्या वर्षी उरलेली. तीन वर्षांत झुडूप नवे होते आणि मधल्या काळात फुलेही मिळतात.

पानगळीत करायची कामे वेगळी आहेत. मोडलेली, रोगट, खरोखर मेलेली फांदी काढावी. मेलेली आहे की नाही हे ओळखायला नखाने साल किंचित खरवडावी, खाली हिरवे दिसले तर ती जिवंत आहे. वाळलेली बोंडे राहिली तरी बिघडत नाही. काढायची असतील तर फक्त देठ कापावा, कारण जोडकळ्या लगेच खाली असतात. भुरी आलेली गळकी पाने गोळा करून बाजूला करावीत, बुंध्याशी कुजू देऊ नयेत. जमीन गोठेपर्यंत कोरडे पडले तर, विशेषतः नव्या रोपाला, खोलवर पाणी द्यावे. बुंध्यापासून थोडे अंतर सोडून पाच-सात सेंटिमीटर पाचोळ्याचे किंवा लाकडी भुशाचे आच्छादन घालावे. नत्राचे खत या दिवसांत देऊ नये, कोवळी फूट येते आणि थंडीत जळते.

जमीन आम्लधर्मी असेल तर थोडा चुना याच वेळी मिसळावा. चुनखडीच्या डोंगरातले हे झुडूप, त्याला सामू सातच्या आसपास मानवतो. पाण्याचा निचरा चांगला हवा आणि दिवसाचे सहा तास ऊन हवे. नवे रोप लावायला किंवा स्वतःच्या मुळावर वाढलेल्या झुडपाचा फुटवा खणून दुसरीकडे न्यायला पानगळीनंतरचा काळ उत्तम. रोप कलमी असेल तर मात्र खालून येणारे फुटवे खुंटाचे असतात, ते काढून टाकावेत.

आणि पुण्या-मुंबईत हे लावायचा मोह टाळावा. लायलॅकला कडक हिवाळा लागतो. कळी उमलायला थंडीचे बरेच आठवडे जावे लागतात, त्याशिवाय ती जागी होत नाही. हिमालयात त्याचा एक रानटी भाऊ वाढतो, काश्मीर-हिमाचलच्या बागांत लायलॅकही जगते. आपल्या हवेत त्या कुळातला मोगरा आणि प्राजक्त सुखाने नांदतात, आपण ते जपावेत.

ज्यांच्या अंगणात लायलॅक आहे त्यांनी या ऑक्टोबरात एवढेच करावे: जवळ जाऊन एक फांदी वाकवावी आणि शेंडा पाहावा. कळ्यांची जोडी दिसली तर कात्री परत ठेवून द्यावी आणि मे महिन्यापर्यंत धीर धरावा.